वजनाच्या ऑपरेशननंतरचं खाणं: पहिल्या घोटापासून दुसऱ्या वर्षापर्यंत

डिस्चार्जच्या दिवशी माझ्या हातात आहाराचा जो कागद पडला, त्यात ब्रॉथ, जेली आणि अॅपल सॉस लिहिलं होतं. धनकवडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नव्हतं. आईने कागद दोनदा वाचला, "ब्रॉथ म्हणजे आपलं कढणच ना गं?" असं विचारलं आणि कुकरला मूग लावले. पुढचे दोन महिने असेच गेले. कागदावरच्या प्रत्येक ओळीला आपल्या घरातला पदार्थ कोणता, हे आम्ही शोधत होतो आणि काही वेळा चुकतही होतो.

माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं, ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. ११८ किलोवरून ८२वर आले. दुसऱ्या वर्षी पाच किलो परत चढले, ते उतरवायला आठ महिने लागले. गेल्या वर्षी धाकट्या जावेचं बायपास झालं (हृदयाचं नव्हे, वजनासाठीचंच, जठराचं), तेव्हा तिच्यासाठी मी एका वहीत सगळं लिहून दिलं. हा लेख त्या वहीवरूनच लिहिला आहे. ज्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे किंवा जे नुकतेच घरी आले आहेत, त्यांच्यासाठी आहे. आठवड्यांचा हिशोब प्रत्येक सर्जनचा थोडा वेगळा असतो. तुमच्या सर्जनने आणि आहारतज्ज्ञाने जे सांगितलं असेल तेच आधी पाळा, माझं त्याच्या जोडीला वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण ती मला उशिरा कळली. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढतात. त्यामुळे पहिलं वर्ष भूक फारशी लागतच नाही. पुष्कळांना वाटतं की आता ही कटकट कायमची सुटली. तसं नाही. वर्ष-दीड वर्षात भूक बऱ्यापैकी परत येते. ती येण्याआधीच्या शांत काळात हाताला आणि जिभेला जी सवय लागते, तीच पुढे उपयोगी पडते.

१. तारखेच्या आधी

पोटात नेमकं काय बदलणार हे सर्जनला चित्र काढून दाखवायला सांगा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते ती केळ्यासारखी लांबट नळी. तिच्यात सुरुवातीला साधारण १०० ते १५० मिली, म्हणजे आमटीची एक लहान वाटीभर मावतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला लहान पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला, सुरुवातीचा भाग वगळून, जोडतात. म्हणून बायपासवाल्यांना गोड जास्त बाधतं आणि जीवनसत्त्वांची कमतरताही जास्त होते. जावेला आणि मला एकच नियम का लागू नाहीत, हे घरच्यांना समजवायला मला हेच चित्र उपयोगी पडलं.

ऑपरेशनच्या आधी एक ते दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बहुतेक वेळा पातळ आहार देतात. त्याचं कारण यकृत आहे. वजन जास्त असलं की यकृतात चरबी साठून ते फुगतं, आणि जठर त्याच्याच खाली असतं. पंधरा दिवसांत यकृत आकसलं की सर्जनला जागा मिळते.

इथला सापळा म्हणजे "शेवटचं खाऊन घे". माझ्या तारखेच्या आधी मैत्रिणींनी यादीच केली होती: मिसळ, मस्तानी, कॅम्पातली बिस्किटं. त्या प्रेमानेच म्हणत होत्या, पण मी जाऊन आले आणि दोन दिवस वाया गेले. हे पदार्थ पुण्यातून कुठे जात नाहीत. तुम्हीही त्यांना कायमचे मुकणार नाही आहात.

२. कागदपत्रं आणि घरातलं सामान

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- आधार कार्ड, मेडिक्लेमची पॉलिसी आणि कार्ड
- मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं यांचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी
- रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड
- पोटाची सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीचा रिपोर्ट
- आधी वजन कमी करायला काय काय केलं त्याची डॉक्टरांची कागदपत्रं

शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. विमा नियामकाच्या नियमानुसार या ऑपरेशनचा खर्च मिळायला वय १८ वर्षं पूर्ण लागतं, डॉक्टरांचा सल्ला लागतो आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त लागतो. ३५ किंवा त्याहून जास्त असेल आणि हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही असेल तरीही चालतं, मात्र साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हे दाखवावं लागतं. शिवाय प्रत्येक पॉलिसीचा थांबण्याचा काळ (वेटिंग पिरियड) असतो, तोवर खर्च मिळत नाही, तो आधी वाचून घ्या.

सामान फार लागत नाही. औषधाचा ३० मिलीचा कप, बारीक गाळणी, मिक्सरचं लहान भांडं, बाळाला भरवायचा चमचा, दोन लहान वाट्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मिलीच्या खुणा असलेली पाण्याची बाटली. आणि वही. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण वही ओट्यावर उघडी राहते, घरचेही बघतात, म्हणून मला वहीच बरी वाटते.

३. पहिले दोन आठवडे: फक्त घोट

दवाखान्यात एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग घरी साधारण दोन आठवडे सगळं पातळ. आपल्या घरात यासाठी पुष्कळ काही आहे: मुगाचं गाळलेलं कढण, ताकाची निवळी, शहाळ्याचं पाणी थोडं थोडं, भाज्यांचं गाळलेलं सूप, मांसाहार चालत असेल तर चिकनचं अळणी पाणी. पुढे साय काढलेलं दूध, पातळ ताक, प्रोटीन पावडर. तिखट, मसाला, तेलाची फोडणी नाही. जिरं आणि किंचित हिंग चाललं मला.

पिण्याची रीत अशी. ३० मिलीचा कप भरायचा आणि तो पंधरा मिनिटांत, चार-पाच घोटांत संपवायचा. एका तासात चार कप म्हणजे १२० मिली, तेरा तासांत दीड लिटरच्या थोडं वर. दिवसाला निदान दीड लिटर लागतं, आणि गटागटा पिण्याची सोयच नसल्याने दिवसभर कप हातात ठेवावा लागतो. पहिल्या चार दिवसांत मला हेच काम सगळ्यात जड गेलं. भूक नव्हती, पण तहान होती आणि घोट छातीशी टेकून सावकाश उतरताना जाणवायचा. आईने कप मोजायला ओट्यावर राजम्याचे दाणे ठेवले होते. एक कप झाला की एक दाणा डावीकडून उजवीकडे.

स्ट्रॉ वापरू नका, हवा पोटात जाते. सोडा आणि फसफसणारी पेयं अजिबात नको. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्तदाबाची औषधं यांचा डोस याच दिवसांत बदलतो. खाणं एकदम कमी झाल्याने साखर झपाट्याने उतरते. घरी रोज साखर तपासा आणि जुना डोस आपल्या मनाने चालू ठेवू नका किंवा बंदही करू नका, डॉक्टरांना फोन करा. गोळी मोठी असेल तर तोडायची का, कुटायची का हेही विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून घेतल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं.

पुढचं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा: ताप, छातीत सतत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, पाण्याचा घोटही न टिकणं, काळी शी, एका पायाच्या पोटरीला सूज.

४. तिसरा आणि चौथा आठवडा: मऊ, घोटलेलं

आता चमचा हातात येतो. घोटलेलं मऊ वरण, मिक्सरमधून काढलेली दुधी-मुगाची भाजी, चक्का, मऊ पनीर कुस्करून, अंड्याचा अगदी मऊ पोच, पातळ पिठलं. एका वेळी दोन-चार चमचे. त्यावर पोट भरतं, खरोखर भरतं.

या टप्प्यातली घरोघरची चूक म्हणजे भाताची पेज आणि गुरगुट्या भात. आजारी माणसाला आपण तेच देतो, आजीपासून तीच रीत आहे, आणि मेतकूट-भात मलाही फार आवडतो. पण पोटात चारच चमचे मावत असताना ते चार चमचे पेजेने भरले तर प्रोटीनला जागा राहत नाही. वरणाच्या पाण्याचंही तेच. आमच्याकडे "वरणाचं पाणी दे तिला, ताकद येईल" असं सगळे म्हणायचे. डाळीचं प्रोटीन डाळीत असतं, वरच्या पाण्यात फारसं उतरत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे संपले की डाळ घट्ट घोटा.

फोडणीच्या वासाने मला याच काळात मळमळायचं. आवडती चव नावडती होते, नावडती आवडायला लागते. दोन-तीन महिन्यांत बहुतेक पूर्ववत होतं. तोवर घरच्यांनी फोडणी देताना दार लोटून घ्यावं, एवढं सांगायला संकोचू नका.

५. पाचव्या आठवड्यापासून: घास, आणि पोळीची घाई

मऊ शिजवलेल्या भाज्या, मासे, चांगलं शिजलेलं चिकन कुस्करून, मुगाचं धिरडं, इडली. आठ आठवड्यांच्या आसपास साधं जेवण. पोळी, भात, पाव आणि कच्च्या कोशिंबिरी सगळ्यात शेवटी.

माझ्या सहाव्या आठवड्यात घरी पाहुणे होते. मी सगळ्यांबरोबर पानावर बसले. ताज्या पोळीचा तुकडा तोडला, भाजीला लावला आणि बोलता बोलता चार-पाच वेळा चावून गिळला. दुसरा घास तोंडात घालतेय तोच छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं. पाण्याने उतरेल म्हणून घोट घेतला आणि तीच मोठी चूक झाली, कारण पाणी वरच तुंबलं. बेसिनशी उभी राहिले. तोंडात फेसाळ, चिकट लाळ येत राहिली, थुंकत राहिले. वीस मिनिटांनी ओकारी होऊन तो घास निघाला तेव्हा तो जवळजवळ अख्खा होता, कडा तशाच. तेव्हापासून मी घासाचा आकार करंगळीच्या नखाएवढा ठेवला आणि तोंडात अगदी लापशी होईस्तोवर चावायला लागले. वीस-पंचवीस वेळा तरी होतं चावून. मोजा सुरुवातीला.

घास अडकला तर पाणी पिऊ नका, पुढे खाऊ नका. उभे राहा, सावकाश फेऱ्या मारा. तासाभरात बहुतेक उतरतं. लाळही गिळता येईनाशी झाली किंवा बराच वेळ उतरलंच नाही तर डॉक्टर. आणि वारंवार उलट्या होत असतील तर "पोट लहान आहे, होणारच" असं समजून दिवस काढू नका. सतत उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं. त्याने नजर दुहेरी होणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पोट भरल्याची खूणही आता वेगळी असते. पूर्वीसारखी तडस लागत नाही. मला उचकी लागते, जावेचं नाक वाहायला लागतं. कुणाला शिंक येते, कुणाला छातीत हलका दाब. तुमची खूण कोणती ते महिनाभरात कळतं. ती आली की हातातला घास खाली. "एवढंच राहिलंय" म्हणून खाल्लेला घास दुखतो. पानात टाकायचं नाही हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं, म्हणून वाढूनच कमी घ्या. मी बशीत जेवते आणि वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की उठायचं.

पाणी आणि जेवण वेगळं ठेवा. जेवायला बसल्यापासून संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत पाणी नाही. पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकतं, भरल्याची भावना टिकत नाही आणि आपण जास्त खातो. आमटीत भिजवून, ताक ओतून जेवायची सवय मोडायला मला सहा महिने लागले.

६. प्रोटीनचा हिशोब

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. ते कमी पडलं तर वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. जिने चढताना पाय थरथरायला लागतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, तेव्हा घाबरू नका. एवढ्या झपाट्याने वजन उतरलं की ते पुष्कळांचे गळतात आणि नंतर येतात. पण प्रोटीन, लोह, जस्त कमी असेल तर गळती लांबते.

अंदाजासाठी आकडे: एक अंडं ६ ग्रॅम. २०० मिली दूध साधारण ६ ते ७. घट्ट वरणाची एक वाटी ६ ते ७. ५० ग्रॅम पनीर ९. शिजलेलं ६० ग्रॅम चिकन १५ च्या वर. प्रोटीन पावडरचा एक मोठा चमचा, डब्यावर बघून, २० ते २५.

माझा चौथ्या महिन्यातला एक दिवस वहीतून उतरवते. साडेसातला एक अंडं. दहाला दुधात पावडर, १५० मिली. एकला ५० ग्रॅम पनीरची भुर्जी आणि तीन चमचे घट्ट वरण. साडेचारला अर्धी वाटी चक्का, मीठ-जिरं घालून. साडेसातला ६० ग्रॅम मासा आणि दोन चमचे दुधीची भाजी. झाले ६० ते ६५. शाकाहारी असाल तर रात्री माशाच्या जागी भिजवून पिळून, शिजवून मिक्सरमधून बारीक केलेले सोया चंक्स किंवा सोयाचं पनीर, आणि पावडर दुसऱ्यांदा. नुसत्या डाळींवर सुरुवातीच्या वर्षात हा आकडा गाठता येत नाही, कारण तेवढ्या वाट्या पोटात मावतच नाहीत. हुलग्याचं पिठलं, मटकीची मऊ उसळ, सातूचं पीठ ताकात हे सगळं चांगलं आहे, पण पावडरीला पर्याय म्हणून नाही.

क्रम असा: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. ज्वारीची भाकरी मला पोळीपेक्षा लवकर सोसली. कडा काढून, मऊ भाग, नीट चावून.

७. गोळ्या, आयुष्यभर

मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी, कॅल्शियम, लोह. डोस तुमच्या रिपोर्टवरून डॉक्टर ठरवतील. वेळा मात्र आपणच सांभाळायच्या. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास ठेवा, एकत्र घेतले तर लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे चहा नको. पुण्यात अमृततुल्यचा एक कट कधीही समोर येतो, म्हणून मी लोह रात्री झोपताना घेते. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपातलं मागा, कमी आम्ल असलेल्या पोटात ते बरं शोषलं जातं. रोजचा डोस एकदम घेऊ नका, दोन-तीन वेळा विभागून घ्या.

वर्षभराने "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणारे फार भेटतात. बी-१२ चा शरीरातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते आणि कळते तेव्हा हातापायांना मुंग्या आलेल्या असतात. तपासण्या तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, विशेषतः बायपास झालेल्यांनी. जोडाच्या जागी व्रण होतात. दातांच्या डॉक्टरांनाही आधी ऑपरेशनबद्दल सांगा. सिगारेट आणि तंबाखूनेही तेच होतं. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्याची जागा दारूने घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही डॉक्टर सहा महिने गोळी देतात, ती मध्येच सोडू नका. आणि मूल हवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, ते ऐका.

८. गोड

जावेच्या चौथ्या महिन्यात आम्ही दोघी तुळशीबागेतून चालत येत होतो. ऊन होतं. तिने उसाचा अर्धा ग्लास रस घेतला. पंधरा मिनिटांत ती घामाने भिजली, हात थरथरायला लागले, पोटात मुरडा आला. दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून होतो. याला डम्पिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात उतरते, आतडं पाणी ओढून घेतं. काहींना एक ते तीन तासांनी साखर उतरून चक्कर येते, तो याचाच दुसरा प्रकार. बायपासमध्ये हे जास्त होतं. स्लीव्हवाल्यांना होत नाही असं नाही, पण मला फारसं झालं नाही, आणि त्यामुळेच मला गोडाचा जास्त धोका होता. कोणी अडवणारं नव्हतं.

९. घर, पंगत, उपास

स्वयंपाक तुम्हीच करत असाल तर चव बघणं हा एक जेवणाइतका मामला होतो. आमटीची चव, भाजीची चव, मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पराठा. मी एक दिवस हे सगळं वहीत लिहिलं तर ते माझ्या दुपारच्या जेवणापेक्षा जास्त भरलं. आता चव मुलगी बघते, आणि उरलेलं ज्याचं त्याने डब्यात काढून ठेवायचं.

लग्नकार्यात आग्रह होतो. "ऑपरेशन झालंय" हे सगळ्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जवळच्यांना सांगितलं, बाकीच्यांना "डॉक्टरांनी पथ्य दिलंय" एवढंच. पथ्याला आपल्याकडे मान आहे. बुफे असेल तर बशीत पनीर किंवा उसळ घेऊन उभी राहते. हातात बशी दिसली की कोणी वाढत नाही. सासूबाईंना मात्र नीट बसून समजावलं. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्या हातचं टाकते आहे. एकदा त्यांनाच वजनकाट्यावर माझं पनीर मोजायला दिलं, तेव्हापासून त्याच मोजतात आणि दहा ग्रॅम कमी पडलं तर मला सांगतात.

उपास पहिलं वर्षभर नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर चिकट, अडकतोही. आषाढीला आणि चतुर्थीला मला चुकल्यासारखं वाटायचं. दूध, चक्का आणि भिजवून बारीक वाटलेले शेंगदाणे यांवर मी एकादशी मानून घेतली. निर्जळी कधीच नाही. गणपतीत उकडीच्या मोदकातलं सारण एक चमचा, पारी सोडून, तेही सहा महिन्यांनंतर.

बाहेर खायची वेळ आली तर चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर मिसळीतली मटकी घ्या, शेव आणि तर्री बाजूला, पाव नको. पाव तोंडात मऊ लागतो आणि पोटाच्या तोंडाशी कणकेचा गोळा होऊन बसतो. इडली-सांबारात सांबार घट्ट मागा. सिंहगडावर झुणका आणि ताक घेते मी, ताक अर्ध्या तासाने, चालून आल्यावर.

१०. दीड वर्षानंतर

सोळाव्या महिन्यात एका दुपारी मला चार वाजता भूक लागली. खरी, पोटातून. मी घाबरले. ऑफिसमध्ये चिवड्याचा डबा फिरत होता, मूठभर घेतला. पोळीचा अर्धा घास अडकणाऱ्या माझ्या पोटात तो चिवडा अलगद उतरला आणि वीस मिनिटांनी आणखी जागा होती. फरसाण, बाकरवडी, बिस्किटं, वेफर्स हे सगळं चावून विरघळतं आणि घसरत पुढे जातं, पोटाला भरल्याचं कळतच नाही. मस्तानी, आइस्क्रीम, साखरेचा चहा यांचंही तसंच. पाच महिने रोज चारला मूठभर, आणि काटा पाच किलो पुढे. मी जेवणात काही बदललंच नव्हतं, म्हणून मला वाटायचं की ऑपरेशनच बिघडलं, नळी ताणली. लाजेने दवाखान्यात जाणंही टाळलं. हे तुम्ही करू नका. वजन थोडं परत चढणं पुष्कळांना होतं आणि जितकं लवकर जाल तितकं सोपं जातं.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला रागावलं नाही. वही मागितली, आठ महिने ती कोरी होती. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. चारच्या भुकेला चारचंच खाणं ठरवून द्या: भाजलेले चणे नव्हे, तेही घसरतात, तर चक्का, उकडलेलं अंडं किंवा पनीरचे दोन तुकडे. प्रत्येक खाणं बसून, बशीत. आणि आठवडाभर वजनकाटा पुन्हा ओट्यावर.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक लहान स्टीलचा डबा असतो. सकाळी निघताना सासूबाई त्यात पनीरचे दोन तुकडे भरतात, मीठ आणि मिरपूड लावून. स्वारगेटच्या बस थांब्यावर कधी उशीर झाला तर मी बाकावर बसते, डबा उघडते आणि एकेक तुकडा पाच-सहा घासांत खाते. बस आली तर सोडते, दहा मिनिटांत दुसरी येते.